हे कमी करू नये

ऑफिसात तिला सगळे मीटरबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त होता. लिफ्ट चौथ्या मजल्यावर किती सेकंदांत येते, साहेबांचं 'दोन मिनिटं बोलू या' घड्याळात किती मिनिटं भरतं, हे सगळं तिला तोंडपाठ. पर्समध्ये एक छोटी वही असायची, तिच्यात तीन रकाने: काय, कधी, किती वेळ. रेंगाळणाऱ्या प्रोग्रामांना वेग आणून देणं हा तिचा पेशा होता, आणि बारा वर्षांत त्या वहीत एकही आकडा तिने मनाने घातला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या मंगळवारी सकाळी धाकट्या भावाने तिला मोटरसायकलवरून हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडलं. धाकटा म्हणजे चांगला चौतीस वर्षांचा बाप्या. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आईवडील गेल्यापासून ही दोघं एकाच घरात राहत होती, आणि घरात तिसऱ्या माणसाची गरजच नव्हती, इतका तो एकटा बोलायचा.

"डबा—"

"घेतला."

"संध्याकाळी—"

"सहा वाजता, इथेच, याच खांबापाशी. अजून काही?"

"मला वाक्य तरी पुरं करू देत जा रे."

"तू पुरं करेपर्यंत मी म्हातारा होईन, ताई." त्याने हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेला.

त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो हे तिने एकदा खरोखरच मोजलं होतं. प्रश्न संपायच्या अर्धा सेकंद आधी. वहीत तिने 'उणे अर्धा' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते पान दाखवून ती त्याला चिडवायची.

रेकॉर्डची खोली तळमजल्यावर, अपघात विभागाला चिकटून होती. लांबलचक, खिडकी नसलेली. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर छतापर्यंत जुन्या फायली, आणि सगळ्याला फिनेल आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. समोरच्या भिंतीत एक मोठी काच, काचेत बोलण्यापुरतं भोक. काचेपलीकडे अपघात विभागाचे दोन झुलते दरवाजे. पेशंट आला की नातेवाइकांनी भोकातून नाव सांगायचं, अलीकडे बसलेल्या क्लार्कबाईंनी ते टाइप करायचं, आणि त्या पेशंटची जुनी माहिती स्क्रीनवर यायची: रक्तगट, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं. क्लार्कबाई साठीला टेकलेल्या होत्या. सगळं हॉस्पिटल त्यांना मावशी म्हणायचं. नावातला गोडवा चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

"मी वेग वाढवायला आलेय," मीटरबाई म्हणाली.

मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "खुर्ची तिकडे आहे."

खुर्चीचं एक चाक गायब होतं, आणि एसीचा झोत नेमका तिच्या मानेवर यायचा. दुसरी चांगली खुर्ची कोपऱ्यात रिकामी होती. तिने तिला हात लावताच मावशी म्हणाल्या, "ती काकांची आहे."

"काका कोण?"

"होते."

काकांबद्दलची बाकीची माहिती तिला प्रशासकांनी आधीच दिली होती. जुने ऑपरेटर, तीस वर्षं नोकरी, माणूस हट्टी. पेशंट शोधायला अकरा सेकंद लागतात अशी डॉक्टरांची तक्रार सहा वर्षं होती, आणि सहा वर्षं काका 'बघतो' म्हणत होते. शेवटी गेल्या महिन्यात त्यांना घरी बसवलं. "दोन दिवसांत मला ते अकरा सेकंद गेलेले हवेत," असं म्हणून प्रशासकांनी फोन ठेवला होता.

दोन दिवस कशाला, तिला दोन तासांत दुखणं सापडलं.

काउंटरवरचा प्रोग्राम हा एक निरोप्या असतो. नाव टाइप केलं की त्याने आतल्या मोठ्या सर्व्हरकडे जायचं, फाइल विचारायची आणि उत्तर घेऊन परत यायचं. आपण काय विचारलं, कधी विचारलं, काय उत्तर मिळालं, याची तो स्वतःची रोजनिशी ठेवतो. तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये किती लिहायचं हे एका सेटिंगने ठरतं. शहाणा माणूस ते 'फक्त चुका' वर ठेवतो. इथे ते 'सगळं' वर होतं. जाणारं-येणारं एकूण एक अक्षर लिहायचं, आणि ते डिस्कवर पक्कं उतरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही! फाइल सापडायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत होता. बाकी सगळा वेळ हा पठ्ठ्या लिहीत बसलेला असायचा.

कुणी गडबडीत विसरलं असावं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. सेटिंगच्या वर एक ओळ लिहिलेली होती: 'हे कमी करू नये.' पुढे कारण नाही, तारीख नाही, काही नाही.

"हे काकांनी लिहिलंय?"

"त्यांनी लिहिलंय म्हणजे तसंच ठेवायचं," मावशी म्हणाल्या.

"का?"

"आम्ही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

असल्या उत्तराने मीटरबाईचं टाळकं फिरायचं. तिने लॉग उघडला, आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. इतर सगळ्या विनंत्या अकरा सेकंदांत सुरू होऊन संपत होत्या. एक मात्र संपलीच नव्हती. अपघात विभागाच्या याच काउंटरवरून गेलेली, एका बाईच्या नावाची, वय पंचावन्न. पाठवल्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची. तेव्हापासून दर काही सेकंदांनी तिच्या नावाने एक ओळ पडत होती: 'उत्तर येत आहे.' मधल्या काळात मशीन कितीदा बंद झालं असेल, चालू झालं असेल, पण ही ओळ कधी थांबली नव्हती. सहा वर्षं एक निरोप्या वाटेतच होता.

"मावशी, या कोण?"

मावशींनी आता तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी, बहुधा भीती. "तुमचं काम स्पीडचं आहे ना? स्पीड बघा."

"बघतेच आहे. तुमच्या काकांनी एक अडकलेलं काम सहा वर्षं जपून ठेवलंय, त्यापायी सगळ्या हॉस्पिटलला ताटकळत ठेवलंय."

"बाई, सांगतेय, हात लावू नका."

"कारण द्या, नाही लावत."

मावशींनी कीबोर्ड पुढे ओढला.

बारा वाजून वीस मिनिटांनी मीटरबाईने 'सगळं' खोडून 'फक्त चुका' लिहिलं. प्रोग्राम दर अर्ध्या मिनिटाला सेटिंग नव्याने वाचायचा. ती मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. अर्धं मिनिट झालं. लॉग थांबला. थांबता थांबता त्याने एक शेवटची ओळ लिहिली, त्या बाईच्या नावाची: 'उत्तर पूर्ण. एक नोंद.'

तिने एक नाव शोधून पाहिलं. एंटर दाबायचा अवकाश, फाइल समोर. सेकंदाचा पाचवा हिस्सा.

"झालं," ती म्हणाली.

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हातातलं पेन टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. रडत होत्या, पण आवाज अजिबात नव्हता. "काय झालं?" असं मीटरबाईने दोनदा विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं.

पाऊण तासाने झुलते दरवाजे उघडले. स्ट्रेचरवर एक म्हातारी बाई होती, अंगावरून चादर वर चेहऱ्यापर्यंत ओढलेली. मागून एक उंच, वाकलेला माणूस चालत आला. घाई नाही, आरडाओरडा नाही. तो काचेपाशी येऊन उभा राहिला. त्याने नाव सांगायच्या आतच मावशींनी ते टाइप केलं होतं.

फाइल लगेच आली. वय एकसष्ट. नाव तेच.

हेच काका. त्यांनी भोकातून आत पाहिलं, मावशींकडे नाही, मीटरबाईकडे. "आधी किती लागायचे?"

"अकरा सेकंद."

"आता?"

"पाचवा हिस्सा."

"छान," काका म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी बायकोला इथेच आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासाभराचा प्रश्न आहे. त्या दिवशी मी काहीतरी दुरुस्त करायला लॉग पूर्ण उघडून ठेवला होता. तिचं नाव टाकलं ते परत आलंच नाही. आणि ती उठून बसली." ते थांबले. "सकाळी विचारलं, चहा घेतेस का, तर दुपारी हो म्हणायची. दुपारी का होईना, म्हणायची. पुढे पुढे उत्तरं लांबत गेली. आज बारा वीसला एकदम सगळ्याची उत्तरं दिली. वर्षभराची. हो, नको, हो, हो, मीठ कमी आहे, हो. आणि संपली."

"माझा यात काय... मला कुणी सांगितलं नाही."

"लिहिलेलं होतं."

ते स्ट्रेचरमागे निघून गेले. दरवाजे झुलत राहिले, मग थांबले.

संध्याकाळी घरी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. अर्धं सांगून होईपर्यंत त्याने निकाल दिला होता. "म्हाताऱ्याला दुःख झालंय, ताई. कुणावर तरी राग काढायचा म्हणून तुझ्यावर काढला. सहा वर्षं आजारी बाई, कधीतरी—"

"पण वेळ बघ ना. बारा वीसला मी—"

"—सेटिंग बदललं, आणि त्याच वेळी जगात आणखी पाचशे माणसं गेली. त्यांचीही तूच का?" त्याने तिच्या ताटातला पापड उचलला. "जेव. गार होतंय."

तिला हसू आलं. त्याचं म्हणणं पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

बुधवारी काम तपासून सोपवायचं एवढंच उरलं होतं. डॉक्टर खूश होते. प्रशासकांनी फोनवर शाबासकी दिली. पाण्याचा जग तिच्या टेबलावरून उचलून मावशींनी आपल्या टेबलावर नेऊन ठेवला. दुपारी कुणीतरी एसीचा झोत आणखी वाढवला.

दोन वीसला लॉगमध्ये एक ओळ पडली. 'फक्त चुका' असतानाही पडली, कारण ती चूकच होती: 'विनंतीची वेळ घड्याळाच्या पुढे आहे.' असं कधीकधी होतं. दोन मशीनची घड्याळं जुळत नाहीत, एकाची वेळ पुढे धावते. तिने दोन्ही घड्याळं तपासली. सेकंदाचाही फरक नव्हता.

मग तिने ओळ पुढे वाचली. विनंती अपघात विभागाच्या काउंटरवरून होती. वेळ आज दुपारी चार बारा. वय चौतीस. पत्ता तिच्या घराचा.

काम करताना कसल्या कसल्या ओळी पाहिल्या होत्या, पण एखादी ओळ आपल्या घरात शिरेल असं कधी मनातही आलं नव्हतं. तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"लिफ्टच्या खड्ड्यात. सातवा मजला वर, मी खाली, मधे एक—"

"बाहेर ये."

"काय?"

"आत्ता बाहेर ये. मी सांगते म्हणून ये."

त्याने 'का' विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग पावलांचा आवाज आला, लोखंडी शिडीचा आवाज आला. "आलो बाहेर. आता?"

"काम सोड. तिथेच बाकावर बस. काही करू नकोस."

दीड तास ती दर पाच मिनिटांनी फोन करत होती. तो बसला होता. कंटाळला होता, टोमणे मारत होता, पण बसला होता. पावणेचारला तो म्हणाला, "ताई, तुझा आवाज बरा नाही. मी तुला घ्यायला येतो."

"नको! तिथेच—"

पण त्याला तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची सवयच नव्हती. फोन कट झाला. पुन्हा लावला, वाजत राहिला.

ती फाटकाकडे धावली. चारला पाच कमी होते. रस्त्यावर नेहमीची वर्दळ. चार झाले, चार पाच झाले. तिला त्याचं लाल हेल्मेट दिसलं, सिग्नलच्या अलीकडे, अगदी जवळ. त्यालाही ती दिसली. त्याने हात वर केला. ऑक्सिजनच्या नळकांड्यांचा ट्रक फाटकातून मागे येत होता, आणि ट्रकवाल्याच्या आरशात ती एकटीच होती.

आवाज फार मोठा झाला नाही.

वॉर्डबॉयनी त्याला उचललं तेव्हा ती सोबत आत धावली नाही. पुढे कितीतरी दिवस याचंच तिला नवल वाटत राहिलं. ती उलट्या बाजूने वळली, रेकॉर्डच्या खोलीत शिरली आणि मशीनसमोर बसली. चार दहा. काचेपलीकडे झुलते दरवाजे उघडले. स्ट्रेचर आलं. एक डॉक्टर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता. दुसऱ्याने ओरडून त्याच्या खिशातल्या ओळखपत्रावरचं नाव भोकातून आत सांगितलं.

मावशींची बोटं चालू लागली.

"मावशी, थांबा." ती सेटिंगची फाइल उघडत होती. "अजून दाबू नका. फक्त अर्धं मिनिट."

"माझं काम आहे."

"माझा भाऊ आहे तो!"

मावशी तिच्याकडे वळल्या. "काकांची बायको माझ्या मैत्रिणीसारखी होती. तुम्ही थांबलात?"

'फक्त चुका' खोडलं. 'सगळं' लिहिलं. सेव्ह. चार अकरा, चाळीस सेकंद. प्रोग्राम सेटिंग पुन्हा चार बाराला वाचणार.

डॉक्टरचे हात थांबले. तो घड्याळाकडे पाहत होता.

"रक्तगट काय?" दुसरा ओरडला. "आलं का?"

मावशींचं बोट एंटरवर होतं. दाबलं नव्हतं.

पन्नास. पंचावन्न.

"मावशी."

चार बारा. स्क्रीनवर लॉगची पहिली लांब ओळ उमटली.

मावशींनी एंटर दाबलं.

एक, दोन, तीन. ती ओठांनी मोजत होती. नऊ, दहा, अकरा. बारा. तेरा. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. वीस. चाळीस. लॉगमध्ये ओळ पडली: 'उत्तर येत आहे.' थोड्या वेळाने पुन्हा तीच. पुन्हा तीच.

काचेपलीकडे कुणीतरी किंचाळलं. धाकटा स्ट्रेचरवर उठून बसला होता. कपाळावरून रक्ताचा एक ओघळ, बाकी काही नाही. तो इकडेतिकडे पाहत होता, नुकता झोपेतून उठल्यासारखा.

तिचा जीव भांड्यात पडला. ती त्याच्यापाशी पोचली, त्याचा चेहरा हातांत धरला. "बरा आहेस ना? बोल ना रे. बरा आहेस ना?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. नजर ओळखीची होती. ओठ हलत नव्हते. तिने मोजायला नको होतं, पण सवय जाते कुठे?

"आहे," तो म्हणाला.

अकरा सेकंद.

चौथ्या दिवशी काका मृत्यूचा दाखला न्यायला आले. मावशींनी नाव टाकलं, चक्र फिरू लागलं. काकांचे ओठ हलले, अकरापर्यंत. फाइल आली. त्यांनी काचेतून आत पाहिलं. कोपऱ्यातली त्यांची खुर्ची आता मीटरबाईच्या टेबलाशी होती. ती मावशींनीच तिथे आणून ठेवली होती.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

"डिस्क भरत आली की जुनं पुसत जा. त्याची ओळ तेवढी ठेवायची. आणि रजा घ्यायची नाही. दुसरा कुणी आला की त्याचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. तुम्हाला माहीतच आहे."

"काका..." कसं विचारावं ते तिला कळेना. "काकूंना त्रास व्हायचा का? म्हणजे, असं राहण्याचा?"

काका पहिल्यांदाच हसले, आणि ते हसू तिला आजवर कुणी दिलेल्या शिवीपेक्षा झोंबलं. "सहा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही. नेमाने टाळलं. चहा विचारायचो, मीठ विचारायचो. तुम्ही मात्र विचाराल. तुमच्याच्याने राहवणार नाही." दाखल्याची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि गेले.

प्रशासकांशी कडाक्याचं भांडण झालं. वेग पुन्हा कसा गेला, असं त्यांनी लेखी विचारलं. डिस्क जुनी आहे, सर्व्हर जुना आहे, वेळ लागेल, अशा थापांवर थापा मारून तिने कायमची नोकरी मागून घेतली, आधीच्या निम्म्या पगारावर. डॉक्टर काचेवर हात आपटून शिव्या घालतात. तिच्या पाठीमागे तिला गोगलगाय म्हणतात. ती म्हणते, "बघते."

काउंटरवरचे अकरा सेकंद अकराच राहिले. घरचे वाढत गेले.

पहिल्या महिन्यात मिनिट झालं, तिसऱ्यात तास. धाकट्याला कामावरून काढलं, कारण 'थांब' म्हटल्यावर तो तासाने थांबायचा. आता तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतो. प्रश्न कुठला, उत्तर कुठलं, याचा घोळ व्हायला लागला म्हणून तिने वही काढली. पहिला रकाना प्रश्न, दुसरा वेळ, तिसरा उत्तर. लिहायला लागल्यापासून त्याची उत्तरं आणखीच उशिरा येऊ लागली हे तिच्या ध्यानात आलं. तिने दोन दिवस न लिहून पाहिलं. तेवढ्यातच तो बराच सुधारला. तिसऱ्या दिवशी वही पुन्हा तिच्या हातात होती. न लिहिता काय विचारलं होतं तेच आठवेना, आणि त्याचं एकही उत्तर वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

रविवारी सकाळी त्याच्या गालावरून पाणी ओघळताना दिसलं. डोळे नेहमीसारखेच समोर, चेहऱ्यावर काही नाही. हे रडणं कुठल्या दिवसाचं, कशाचं, हे कळायला मार्ग नव्हता. तिने वाकून त्याचा हात हातात घेतला आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं. मग वहीत लिहिलं: 'थांबवू का हे सगळं?' आठ वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर तिने त्याला दुसरं काहीच विचारलं नाही.

मंगळवारी ती कामावरून आली तेव्हा गॅलरीत ऊन होतं. चपला काढून ती भाजी निवडायला बसली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं.

"हो, ताई," धाकटा म्हणाला.

आवाज अगदी पूर्वीचा होता. तिने भाजी खाली ठेवली, हात पुसले, वही उघडली. उत्तर न आलेला एकच प्रश्न होता. घड्याळात सहाला दोन कमी होते. पेनचं टोपण काढून ती बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिली.

मग तिने त्यात नीट, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अजून आलं नाही.'